कॅन्सरच्या गोळीने पार्किन्सन्स बरा होतो का? निलोटिनिबबद्दल विचारायचं आहे

मेघा_इस्लामपूर

नमस्कार मंडळी. वडिलांबद्दल विचारतेय. जरा लांबलचक आहे, पण सगळं लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

बाबा ७१ वर्षांचे. पार्किन्सन्सचं निदान होऊन चार वर्षं झाली. उजव्या हाताचा कंप आहे, दारातून आत येताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि या वर्षात आवाज एकदम बारीक झालाय. फोनवर समोरच्याला ऐकूच जात नाही. शेताचं सगळं आता भाऊ बघतो. गोळ्या अशा: सिंडोपा ही पार्किन्सन्सची मुख्य गोळी दिवसातून चार वेळा, तिच्यानं मळमळतं म्हणून डॉमस्टाल, रात्री मन खचू नये म्हणून एस्सिटालोप्राम, आणि बीपीची एक.

मध्यंतरी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठात पार्किन्सन्सच्या रुग्णांना ब्लड कॅन्सरची निलोटिनिब नावाची गोळी दिली, आणि व्हीलचेअरवरचा माणूस चालायला लागला, बोलणं बंद झालेले गप्पा मारायला लागले. आत्येभाऊ औषधांच्या होलसेलमध्ये आहे. तो म्हणतो, गोळी मी मिळवतो, थोड्या डोसने सुरू करून बघू, नाही लागू पडली तर बंद करू. बाबांनी व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून रोज सकाळी विचारतात, "गोळी कधी येणार?" डॉक्टरांना विचारलं, तर ते "त्याचा उपयोग नाही" एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. ओपीडीत गर्दी असते, मला कळतं, पण घरी जाऊन बाबांना मी सांगू काय?

बातमी खरी आहे का? खरी असेल तर ही गोळी सगळ्यांना का देत नाहीत? आणि अशी काही चाचणी भारतात चालू असेल तर बाबांचं नाव घालता येईल का?

मास्तर_मिरज

मेघाताई, बातमी खरी आहे आणि जुनी आहे. पुढचे भाग तुमच्या ग्रुपवर पोचलेले नाहीत, ते सांगतो. मी मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवली, संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीवरही बरीच वर्षं बसलो. आणि माझ्या पत्नीला पार्किन्सन्स आहे. त्यामुळे या गोळीची प्रत्येक बातमी मी तुमच्या बाबांइतक्याच आशेने वाचलेली आहे.

आधी ही गोळी मुळात कशाची ते बघू. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. त्यातून एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना सतत "वाढा, वाढा" असा हुकूम देत राहतं. ते प्रथिन बंद पाडणारं पहिलं औषध इमॅटिनिब, २००१ साली बाजारात आलं. निलोटिनिब त्याची पुढची पिढी, २००७ ची. सीएमएलच्या रुग्णांचं आयुष्य या औषधांनी पालटलं, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही.

पार्किन्सन्सशी संबंध असा. त्या प्रथिनाचा निरोगी भाऊ, एबल, आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असतो. पेशीवर ताण आला की तो जागा होतो. मेंदूत डोपामाइन हे हालचालींना लागणारं रसायन बनवणाऱ्या ज्या पेशी पार्किन्सन्समध्ये मरतात, त्यांत तो जास्त जागा असल्याचं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या आणि इतर प्रयोगशाळांना दिसलं. तो जागा झाला की पेशीतला कचरा उचलणाऱ्या पार्किन या प्रथिनाचं काम थंडावतं आणि अल्फा-सिन्यूक्लिन या दुसऱ्या प्रथिनाच्या गुठळ्या वाढतात. उंदरांमध्ये निलोटिनिबने एबलला झोपवलं तेव्हा पेशी वाचल्या. म्हणजे कल्पना मुळीच वेडगळ नव्हती. माणसांवर करून बघण्यासारखीच होती.

जॉर्जटाउनच्या डॉ. फर्नांडो पगान आणि डॉ. शार्बेल मूसा यांनी ती करून बघितली. ऑक्टोबर २०१५ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्यांनी मांडलं. १२ रुग्ण, सगळे बरेच पुढच्या टप्प्यातले, सहा महिने रोज १५० किंवा ३०० मिलिग्रॅम. म्हणजे कॅन्सरच्या डोसपेक्षा खूप कमी. ११ जणांनी शेवटपर्यंत गोळी घेतली. व्हीलचेअरवरचा माणूस चालल्याची बातमी तिथली, आणि तुमचा व्हिडिओही तिथलाच.

आता नीट वाचा, कारण सगळं घोडं इथे अडतं. त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. सगळ्यांना खरी गोळी, आणि ते सगळ्यांना माहीत. इतर आजारांत एखादे वेळी हे चालून जाईल, पार्किन्सन्समध्ये अजिबात चालत नाही. २००१ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं प्लासिबो, म्हणजे आत औषधच नसलेलं काहीतरी दिलं आणि पेट (PET) स्कॅनमध्ये त्यांचा मेंदू बघितला. मेंदूने स्वतःचं डोपामाइन सोडलेलं दिसलं, खरंखुरं. ज्या रसायनाची या आजारात वानवा, तेच नुसत्या आशेने थोडा वेळ वाढतं. म्हणून नव्या गोळीने पहिले काही महिने बरं वाटणं हा पार्किन्सन्समध्ये पुरावा धरता येत नाही. रुग्ण खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्याला खरंच बरं वाटतं, पाय खरंच उचलतात. पण ते गोळीमुळे की आशेमुळे, हे बाजूला प्लासिबो घेणारा दुसरा गट असल्याशिवाय जगातला कुणीही डॉक्टर सांगू शकत नाही. आत्येभाऊ म्हणतात तसं घरी "करून बघू" केलं तर हीच अडचण येणार. बाबांना महिनाभर बरं वाटलं, तर तुम्ही काय समजायचं?

मग ती तुलना झाली, एकदा सोडून दोनदा. पार्किन्सन्सच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनच्या पाठबळावर अमेरिकेतल्या २५ केंद्रांत ७६ रुग्ण घेतले. काहींना १५०, काहींना ३००, काहींना प्लासिबो. कुणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. डिसेंबर २०१९ मध्ये निकाल जाहीर झाला: फायदा नाही. उलट गोळीवाल्यांच्या हालचालींचे गुण प्लासिबोवाल्यांपेक्षा किंचित वाईटच. शिवाय पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं, तर रक्तात जेवढं औषध होतं त्याच्या ०.२ ते ०.३ टक्केच तिथे पोचलं होतं. एवढ्याने एबल झोपत नाही. या औषधावर पुढे जाऊ नये, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

जॉर्जटाउनचा स्वतःचा दुसरा अभ्यासही त्याच महिन्यात छापून आला. ७५ रुग्ण, वर्षभर, या वेळी प्लासिबोसह. डोपामाइनशी संबंधित काही तपासण्यांत सुधारणा दिसते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावर दोन्ही अभ्यासांच्या संशोधकांत मतभेद राहिले. पण चालणं, उठणं, हाताचा वेग यांत त्यांनाही गोळी आणि प्लासिबो यांत फरक सापडला नाही. गंभीर त्रास मात्र गोळीवाल्यांत जास्त. तुमच्या डॉक्टरांनी जे चार शब्दांत सांगितलं ते हेच.

यात आपल्याकडचाही एक अध्याय आहे. मुंबईच्या सन फार्मा अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च कंपनीने, म्हणजे स्पार्कने, व्होडोबॅटिनिब नावाचं याच कुळातलं औषध बनवलं. तेही मूळ सीएमएलसाठीच. ते मेंदूपर्यंत निलोटिनिबपेक्षा चांगलं पोचतं, हे आधी तपासून घेतलं होतं. मग अमेरिका, युरोप आणि भारतातल्या केंद्रांवर सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण घेऊन प्लासिबोशी तुलना केली. मला या चाचणीची फार आस होती, कारण "औषध पोचलंच नाही" ही पळवाट तिथे उरणार नव्हती. २०२४ मध्ये मधल्या टप्प्याचे आकडे पाहून कंपनीने ती थांबवली, फायदा दिसेना. वाईट वाटलं. पण मोठा प्रश्न सुटला. आता निलोटिनिब विकत घ्यायला कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडे या सगळ्या निकालांचं उत्तर हवं.

जुनी औषधं नव्या आजारावर तपासणं फुकट आहे, असा अर्थ काढू नका. अमांटाडिन हे मूळ फ्लूचं औषध. १९६८ मध्ये बोस्टनला पार्किन्सन्सच्या एका बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून ते घेतलं आणि कंप व ताठरपणा कमी झाल्याचं डॉक्टरांना सांगितलं. डॉ. रॉबर्ट श्वाब यांनी ते मनावर घेतलं, १६३ रुग्णांना देऊन बघितलं, पुढे इतरांनी प्लासिबोशी तुलना केली आणि ते टिकलं. आज माझी पत्नी तेच घेते, अमांट्रेल या नावाने. आशा दोन्हीकडे सारखीच जागी झाली होती, रुग्णांच्या अनुभवाने. तुलनेत एक टिकलं, एक टिकलं नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. भारतात १५ जून २००९ पासून प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत करावी लागते. तिची वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. आजाराचं नाव घालून शोधा, शहर आणि रुग्ण घेणं चालू आहे की नाही ते दिसतं. ट्रायलच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. संमतीपत्र मराठीत मागा, ते घरी आणा, भावाला वाचायला द्या. कारण न सांगता कधीही बाहेर पडता येतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत लिहिलेली आहे. कुणी "ट्रायल आहे, पण औषधाचे एवढे भरा" म्हणालं, तर तिथून उठा.

जयश्री_नाशिक

मेघा, मी निलोटिनिब घेते. मला सीएमएल आहे. माझ्यासाठी ही कॅप्सूल म्हणजे जीव आहे, म्हणून तिच्याबद्दल वाईट बोलताना जड जातं. पण ती घरात कशी येते ते तुला कळायला हवं.

दिवसातून दोनदा, बारा तासांनी. घ्यायच्या आधी दोन तास पोट रिकामं, नंतर एक तास काही खायचं नाही. जेवणासोबत घेतली तर रक्तात औषध भलतंच वाढतं. सुरू करण्याआधी ईसीजी, आठवड्याने परत ईसीजी, मग अधूनमधून. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून कमी असेल तर आधी भरून काढतात. कारण ही गोळी हृदयाच्या ठोक्याची लय बिघडवू शकते आणि त्यातून अचानक मृत्यू झालेले आहेत. अमेरिकेत खोक्यातल्या माहितीपत्रकावर चौकटीत पहिला इशारा तोच असतो. शुगर, कोलेस्टेरॉल वाढतं, पायाच्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. साधी अँटिबायोटिक घ्यायची तरी मी आधी माझ्या हिमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना फोन करते, कारण काही अँटिबायोटिक आणि फंगसच्या गोळ्या हिच्याबरोबर चालत नाहीत.

तुझ्या यादीत डॉमस्टाल आणि एस्सिटालोप्राम वाचलं आणि हात थांबला. मला डॉक्टरांनी टाळायच्या औषधांची जी यादी दिली होती, तिच्यात ही दोन्ही होती. तीही ठोक्याची तीच लय बिघडवू शकतात. ७१ वर्षांच्या माणसाला ही तिन्ही एकत्र, ईसीजीशिवाय, आणि तेही ओळखीतून आणलेल्या पाकिटातून? नको गं. आत्येभावाला राग आला तर येऊ दे. मी हवं तर बोलते त्याच्याशी.

मास्तर_मिरज

जयश्रीताईंनी बोट नेमकं ठेवलं. डॉमस्टाल, एस्सिटालोप्राम आणि निलोटिनिब हे त्रिकूट कुठल्याही एथिक्स कमिटीने ट्रायलमध्ये येऊ दिलं नसतं. अशा रुग्णाला दारातच वगळतात. मेघाताई, आज चालू असलेली दोन औषधं स्वतःहून थांबवू नका, पण पुढच्या भेटीत "ही दोन्ही सोबत चालू आहेत, ईसीजी करून घेऊ का?" एवढं जरूर विचारा. निलोटिनिब असो वा नसो, हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे.

सुधाकर_डोंबिवली

मी पार्किन्सन्सचा रुग्ण, बँकेतून निवृत्त. एका औषधाच्या ट्रायलमध्ये होतो, म्हणून आतून कसं असतं ते लिहितो.

दर भेटीला तीच परीक्षा. अंगठा आणि पहिलं बोट जमेल तेवढं मोठं उघडून भराभर आपटायचं. मूठ उघडायची, मिटायची. टाच जमिनीवर ठेवून पाऊल आपटायचं. हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचं. शेवटी डॉक्टर मागे उभे राहून खांदे झटकन मागे ओढतात आणि तुम्ही किती पावलांत सावरता ते बघतात. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. मला त्या खांद्यांच्या ओढीची धास्ती असायची, पण मागचे हात पडू देत नाहीत.

मला गोळी खरी होती की प्लासिबो, हे मला आजही माहीत नाही. ते आधी मान्य करूनच गेलो होतो आणि पुन्हाही जाईन. मास्तर म्हणतात तो तुलनेचा गट म्हणजे शेवटी आमच्यासारखीच माणसं. कुणीतरी त्या गटात बसल्याशिवाय पुढच्याला उत्तर मिळत नाही.

पण मेघा, दोन गोष्टी आधी विचारून घे. एक, ट्रायल चालू असताना नेहमीचं औषध वाढवता येईल का? सुरुवातीच्या रुग्णांच्या ट्रायलमध्ये सिंडोपा जमेल तेवढी पुढे ढकलायला सांगतात. मी ढकलली. शर्टाची वरची बटणं बायको लावायची आणि चेकवरची सही इतकी बारीक झाली की शाखेतल्या मुलीने नवा नमुना मागितला. ती किंमत आहे आणि ती माहीत असून द्यावी. दुसरं, निकाल लागल्यावर आम्हाला कोण सांगणार? आमची ट्रायल बंद झाल्याचं मला वर्तमानपत्राच्या शेअर बाजाराच्या पानावरून कळलं. महिनोन् महिने शरीर दिलेल्या माणसाला एक फोन यायला हवा होता. आता मी संमतीपत्रावर सही करण्याआधी हे लिहून मागतो.

बाबांच्या बाबतीत मात्र मला वाटतं, चार वर्षांचा आजार आणि चार वेळा सिंडोपा म्हणजे सुरुवातीच्या रुग्णांच्या ट्रायलमध्ये बहुधा बसणार नाहीत. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीही ट्रायल असतात, त्या शोध.

मेघा_इस्लामपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. अमांटाडिनच्या त्या बाईंपाशी त्यांनी थांबवलं, परत वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे बघितलंय तर नीट." एवढंच. पण आज सकाळी गोळीचं विचारलं नाही. आत्येभावाला जयश्रीताईंचं पोस्ट पाठवलंय, तो वाचून "ठीक आहे, नको" म्हणाला.

आता आणखी एक. तो डोकं खाजवून नवीन घेऊन आलाय: खोकल्याच्या औषधातलं अँब्रॉक्सॉल पार्किन्सन्सवर चालतं म्हणे. ते तर साधंच औषध आहे ना? शिवाय दुपारची सिंडोपा बाबांना लागूच पडत नाही. जेवणानंतर दोन-अडीच तास नुसते बसून असतात. त्याला काही करता येईल का?

मास्तर_मिरज

अँब्रॉक्सॉलचं खरं आहे आणि अजून ठरायचं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॉ. अँथनी शापिरा यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांवर, प्लासिबोसह, दोन वर्षांची चाचणी आखलेली आहे. निकाल येईपर्यंत थांबायचं. सिरप पाजू नका. आधीच्या छोट्या अभ्यासात दिवसाला १,२६० मिलिग्रॅम दिलं होतं. आपल्याकडच्या चमचाभर सिरपमध्ये साधारण ३० असतं, सोबत बहुतेक वेळा दम्याचं औषध मिसळलेलं. म्हणजे दिवसाला चाळीसेक चमचे. त्यात हात कापायला आणि छाती धडधडायला लावणारी दुसरी औषधं किती जातील बघा. शिवाय मधुमेहाच्या एक्झेनाटाइडची गोष्ट ताजी आहे. २०१७ मध्ये ६२ रुग्णांत, प्लासिबोशी तुलना करूनही, छान दिसलं होतं. मग १९४ जणांवर ९६ आठवडे तपासलं, २०२५ मध्ये निकाल छापून आला, फायदा नाही. छोटा अभ्यास आशादायक निघाला की मोठ्याची वाट बघायची, मी स्वतः घरात हेच पाळतो.

दुपारच्या गोळीचं मात्र आज करता येण्यासारखं आहे, आणि तुमची धावपळ मला तिथे जास्त उपयोगी दिसते. सिंडोपातलं लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांचे घटक जातात. गर्दी झाली की औषध मागे राहतं. बाबा दुपारी आमटी-उसळ किंवा दही-ताक घेऊन लगेच गोळी घेत असतील तर हेच होणार. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, साध्या पाण्याबरोबर द्यायची. मळमळलंच तर एखादं बिस्किट. आमच्याकडे डाळ-उसळ रात्रीच्या जेवणात नेली आणि दुपारी भाजी-भाकरी ठेवली, तेव्हापासून हिची दुपार बरीच सुधारली. प्रथिनं बंद करू नका, वजन उतरतं. बद्धकोष्ठ असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, गोळी पोटातच रेंगाळते.

एका वहीत आठवडाभर लिहा: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता आणि त्यात काय, हात-पाय मोकळे कधी झाले, परत अडकले कधी. ते पान डॉक्टरांसमोर ठेवा. ओपीडीत दोन मिनिटं मिळाली तरी त्या पानावरून ते डोस आणि वेळा बदलू शकतात. आवाजासाठी स्पीच थेरपिस्टकडे जा. मोठ्याने बोलायचा रोजचा सराव पार्किन्सन्समध्ये खरंच उपयोगी पडतो. पुण्याला येणं होत असेल तर पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला बाबांना घेऊन या. आम्ही दोघं जमेल तेव्हा जातो, भेट होईल.

मेघा_इस्लामपूर

दुपारी वरण-भात आणि वाटीभर दही, आणि हात धुतला की गोळी, असंच चाललं होतं. आजपासून वही केली. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, ईसीजीचं आधी विचारते.